परिच्छेद कसा पारखायचा, आणि यंत्राच्या सूचनांतलं काय घ्यायचं

आमच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी मी लेखनाचा वर्ग घेते. निवृत्त शिक्षक, बँकेत काम करणारे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, घरच्या घरी लिहिणाऱ्या बायका असे दहा-बाराजण येतात. पूर्वी सगळे कच्चा कागद घेऊन यायचे, खाडाखोड केलेला. हल्ली बरेच जण "एआयकडून तपासून आणलंय" असं सांगतच बसतात. मजकूर खरोखर स्वच्छ असतो. ऱ्हस्व-दीर्घ बरंचसं जागेवर, वाक्यं पूर्ण. पण वाचून झाल्यावर मी विचारते, "या परिच्छेदात तुम्हाला काय सांगायचं होतं?" आणि लिहिणाऱ्यालाच थांबून आठवावं लागतं.

मला वाटतं, इथे क्रम चुकतो. परिच्छेदाचं काम काय, हे आपण ठरवलेलंच नसतं आणि त्याआधीच तो सुधारायला दिलेला असतो. काम माहीत नसलं की समोरून आलेली प्रत्येक सूचना बरोबरच वाटते. म्हणून आधी आपण पारखायचं, मग यंत्राला विचारायचं, आणि आलेल्या सूचना पुन्हा आपल्याच मापानं मोजायच्या. वर्गात आम्ही हे ज्या पायऱ्यांनी करतो, त्या इथे एकाच परिच्छेदावर करून दाखवते. परिच्छेद आमच्या वर्गातल्या एका ताईंचा आहे आणि त्यांच्या परवानगीनं घेतला आहे. वाक्यांना क्रमांक मी दिलेत.

(१) भाकरी हा महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीचा अविभाज्य घटक आहे. (२) ज्वारी, बाजरी, नाचणी अशा अनेक धान्यांची भाकरी केली जाते. (३) ज्वारीच्या पीठात ग्लुटेन नसल्यामुळे भाकरी थापताना तुटते. (४) म्हणून पीठ गरम पाण्यात मळतात. (५) भाकरी पचायला हलकी असते. (६) माझी आजी चुलीवर भाकरी करायची, तिची चव काही औरच होती. (७) पीठ जुनं असेल तर विरी जाते. (८) आजच्या धावपळीच्या युगात मात्र भाकरी मागे पडत चालली आहे.

यातलं एकही वाक्य चुकीचं काही सांगतं असं म्हणता येणार नाही. तरी वाचून हाताला काही लागत नाही.

पायरी १ : परिच्छेदाचं काम एका वाक्यात लिहा

वेगळ्या कागदावर लिहा: "हा परिच्छेद वाचून वाचकाला ______ कळेल." रिकाम्या जागी एकच गोष्ट. ती लिहिताना "आणि" आलं की तिथे दोन परिच्छेद आहेत असं समजा.

ताईंनी पहिल्यांदा लिहिलं, "भाकरीबद्दल माहिती कळेल." हे काम झालं नाही, हा विषय झाला. भाकरीबद्दल माहिती कितीही असू शकते. तिला कुंपण नाही. मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला यातलं काय सांगावंसं वाटतंय? शेजारच्या नव्या सुनेला काय सांगाल?" त्या लगेच म्हणाल्या, "तिची भाकरी तुटते ना, तिला सांगेन पाणी उकळतं घे म्हणून. पीठ जुनं असलं तर नक्कीच." मग कागदावर उतरलं: "ज्वारीची भाकरी का तुटते आणि उकळत्या पाण्यानं ती का सांधते, हे कळेल." इथे "आणि" आहे, पण दोन्ही बाजू एकाच कारणाच्या आहेत, म्हणून मी तो राहू दिला. नियम विचार करायला लावण्यासाठी असतो. त्यानं विचार करून ठेवलेला नसतो.

हे वाक्य जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला तेच माप लागणार आहे.

पायरी २ : प्रत्येक वाक्यापुढे समासात एक शब्द

आता वाक्यागणिक थांबा आणि समासात लिहा की हे वाक्य आधीच्या वाक्यातून उठलेल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं. का? कसं? म्हणजे काय? उदाहरण? मग पुढे? पण असं नेहमी होतं का? असा एखादा शब्द पुरतो. जिथे "आणखी एक" याशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही, तिथे धागा सुटलेला असतो.

ताईंच्या परिच्छेदात (३) नंतर (४) येतं तेव्हा समासात "मग काय करतात?" असं लिहिता येतं. बाकी जवळजवळ सगळीकडे "आणखी एक". (५) हे आरोग्याचं, (६) आठवणीचं, (८) हळहळीचं. आणि (७) मधलं विरी (पिठाचा चिकटपणा) जाणं, जे (४) शी सगळ्यात घट्ट बांधलेलं आहे, ते तीन वाक्यं दूर जाऊन पडलंय.

याच्याच जोडीला आम्ही चिठ्ठ्यांचा प्रयोग करतो. वाक्यं कापून चिठ्ठ्या करायच्या, मिसळायच्या आणि दुसऱ्या कुणाला तरी लावायला द्यायच्या. क्रम कसाही लावला तरी चालत असेल, तर ती यादी आहे. ताईंच्या चिठ्ठ्या तिघांनी तीन प्रकारे लावल्या आणि तिन्ही ताईंना बऱ्याच वाटल्या. त्या संध्याकाळी परिच्छेद म्हणजे काय हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

जाता जाता एक गोष्ट. जुन्या मोडी कागदांत आधी ओळभर रेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जात. शब्द तोडण्याची, विरामचिन्हांची रीत नव्हती. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या काळात विरामचिन्हं मराठीत रुजली आणि छापील पानावर मजकूर परिच्छेदांत मोकळा होऊ लागला. वाचणाऱ्याला कुठे थांबायचं, कुठे नवा मुद्दा धरायचा, हे आता पान सांगू लागलं. पॅरा तोडताना मला हे आठवतं. ती रिकामी जागा वाचकाला दिलेला शब्द असतो की इथे एक गोष्ट पुरी झाली.

पायरी ३ : वाक्यांचे सांधे तपासा

ही पायरी पूर्णपणे मराठीची आहे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या पुस्तकांत किंवा ॲपमध्ये ती या रूपात सापडणार नाही, म्हणून जरा थांबते.

पहिला सांधा सर्वनामांचा. मराठीत तो, ती, ते यांच्यामुळे मोठी सोय होते. गोळा तो, भाकरी ती, पीठ ते. तिघं एकाच परिच्छेदात असले तरी "ती तव्यावर टाका" म्हटलं की भाकरीच. पण विभक्ती लागली की ही सोय निम्मी नाहीशी होते. तो आणि ते, दोघांचंही "त्याला", "त्यात", "त्याच्यावर" होतं. "पिठाचा गोळा परातीत ठेवून दाबला की त्याला चिरा पडतात" यात त्याला म्हणजे पिठाला की गोळ्याला? लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणारा अडखळतो. तपासताना परिच्छेदातले सगळे "त्या-" शोधा आणि प्रत्येकापासून मागे बाण काढा. बाण दोन ठिकाणी जाऊ शकत असेल तर सरळ नाम पुन्हा लिहा. तोच शब्द दोनदा आला म्हणून परिच्छेद कधी वाईट होत नाही.

दुसरा सांधा जोर कुठे पडतो याचा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि त्याच्या लगेच आधीच्या जागेवर जोर असतो. "उकळतं पाणी ते काम करतं" आणि "ते काम उकळतं पाणी करतं" ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा. दुसऱ्यात "ते काम" मागच्या वाक्याचा हात धरतं आणि "उकळतं पाणी" ही नवी गोष्ट बरोबर जोराच्या जागी येते. परिच्छेद वाहतोय असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा एवढंच झालेलं असतं. जुनं आधी, नवं क्रियापदाला खेटून.

तिसरी गोष्ट शेवटच्या शब्दांची. "आहे. असते. होती. जाते. आहे." असे शेवट ओळीनं आले की परिच्छेद एका जागी पाय आपटत राहतो. फुगतो, बांधला जातो, तुटते, रगडायची अशी कामाची क्रियापदं आली की तो हलतो. सगळे "आहे" काढायची गरज नाही, पण सलग चार आले तर बघा.

पायरी ४ : शुद्धलेखन तपासनीस, आणि त्याच्या लाल रेघा

आता यंत्राकडे वळू. सगळ्यात साधं यंत्र म्हणजे स्पेलचेकर. लिबरऑफिस, फायरफॉक्स यांच्यासाठी मराठी शब्दकोश मिळतो, मायक्रोसॉफ्ट वर्डमध्येही मराठीची सोय आहे. पण तो कसा चालतो हे कळलं तर त्याच्या लाल रेघांना घाबरावं लागत नाही. तो शब्द आपल्या यादीत आहे का ते बघतो, इतकंच. अर्थ त्याच्या गावी नसतो.

त्यामुळे दोन प्रकारचे घोटाळे होतात. एक, बरोबर शब्दाखाली रेघ. मराठीत आपण प्रत्ययावर प्रत्यय चढवत जातो: शेजारणीकडूनसुद्धा, घरासमोरच्यांनीही. इतकी रूपं कुठल्याच यादीत मावत नाहीत. बोलीतले, स्वयंपाकघरातले, शेतातले शब्द तर हमखास लाल होतात. ताईंच्या "विरी"खाली रेघ आली आणि त्यांना वाटलं, आपलाच शब्द चुकला. विरी म्हणजे पिठातला चिकटपणा. पीठ जुनं झालं की विरी जाते. भाकरी करणाऱ्या घरात हा शब्द रोजचा आहे. अशा वेळी "शब्दकोशात जोडा" हे बटण दाबायचं. तुमचा शब्द काढायचा नाही.

दुसरा घोटाळा जास्त धोक्याचा: चुकलेल्या शब्दाखाली रेघच नाही. "कामगार दीन" लिहिलं तर यंत्र गप्प बसू शकतं, कारण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, दोन्ही शब्द खरेच. सुर म्हणजे देव, सूर म्हणजे स्वर. ताईंच्या तिसऱ्या वाक्यातलं "पीठात" याच जातीचं. मराठी शब्दातला उपान्त्य ई-कार, ऊ-कार दीर्घ असेल तर सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: फूल-फुलात, गरीब-गरिबाला, म्हणून पीठ-पिठात. पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला पीठ, म्हणजे आसन किंवा स्थान, तो तत्सम. तिथे दीर्घच राहतो: विद्यापीठात, न्यायपीठात. म्हणजे ज्वारीच्या पिठात, पण विद्यापीठात. एकाच अक्षराचे हे दोन न्याय शब्दांच्या यादीवर चालणाऱ्या यंत्राला कसे कळणार? ते आपल्यालाच पाठ असायला हवेत. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार असे एकूण अठराच नियम केलेत. महिन्याभरात अंगवळणी पडतात आणि आयुष्यभर पुरतात.

एक तांत्रिक अडचणही सांगून ठेवते, कारण तिनं आमचा एक अख्खा तास खाल्ला होता. "दुसऱ्या", "तऱ्हा" यांतला ऱ्य, ऱ्ह हा अर्धा र संगणकात दोन वेगळ्या जोडण्यांनी टाइप होतो. "ॲप" मधला ॲ देखील तसाच. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाखाली रेघ येते, दुसऱ्याखाली नाही, आणि शोधायला गेलं तर निम्मेच सापडतात. दिसायला बरोबर असलेला शब्द लाल झाला तर तो पुसून नव्या कीबोर्डनं पुन्हा टाइप करून बघा.

पायरी ५ : गुण देणाऱ्या यंत्रांना किती मानायचं

बरीच ॲप लिखाणाला गुण देतात: वाचनसुलभता अमुक, दर्जा तमुक. हे आकडे कुठून येतात ते माहीत असावं. अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ मध्ये निबंध संगणकानं तपासायची कल्पना मांडली. त्यांच्या यंत्राला अर्थ कळत नव्हता, म्हणून ते मोजता येतील अशा खुणांवर चालत असे: निबंधाची लांबी, स्वल्पविराम, शब्दांची लांबी. १९९९ पासून एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेत मानवी परीक्षकाच्या जोडीला असं यंत्र बसवलं गेलं. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटीत लेखन शिकवलेले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन 'बेबल' नावाचा प्रोग्रॅम बनवला. दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त शब्दांचा निरर्थक निबंध रचायचा, आणि गुण देणाऱ्या यंत्राकडून त्याला चांगले गुण मिळायचे. जे मोजलं जातं ते दाखवलं की गुण मिळतात. सांगण्यासारखं काही असण्याची अट नसते.

वाचनसुलभतेची सूत्रं तर मराठीला लागूच पडत नाहीत. रुडॉल्फ फ्लेश यांचं सूत्र १९४८ चं, त्यावरून अमेरिकी नौदलासाठी १९७५ मध्ये केलेलं दुसरं. दोन्हींत वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चारावयव मोजतात. इंग्रजीत लांब शब्द म्हणजे बहुधा अवघड शब्द. मराठीत "स्वयंपाकघरातल्या" हा शब्द लांब आहे म्हणून तो कुणाला अवघड वाटेल? आणि "विरी" दोन अक्षरांची, पण शहरातल्या वाचकाला तीच अडवेल. मराठी मजकुराला असा आकडा मिळाला तर तो सरळ बाजूला ठेवा.

मोजायचंच असेल तर स्वतःच्या सवयी मोजा. "शोधा" मध्ये "च्या माध्यमातून", "या ठिकाणी", "अविभाज्य", "आजच्या धावपळीच्या" असं काहीबाही टाकून किती वेळा आलंय ते बघा. ही मोजणी खोटं बोलत नाही.

पायरी ६ : एआयला वाचायला सांगा, लिहायला नको

चॅटजीपीटीसारखी साधनं मराठी बऱ्यापैकी समजतात. त्यांचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे कधीही हाक मारली तरी हजर असणारा पहिला वाचक. आणि सगळ्यात वाईट उपयोग म्हणजे "हे सुधारून दे". ताईंनी तेच सांगितलं होतं. आलेल्या परिच्छेदाची सुरुवात अशी:

"ज्वारीच्या पिठामध्ये ग्लुटेनचा अभाव असल्याने भाकरी बनवणे हे एक आव्हानात्मक कार्य ठरते. भाकरी ही केवळ एक खाद्यपदार्थ नसून ती आपल्या समृद्ध परंपरेचे प्रतीक आहे."

पिठामध्ये ऱ्हस्व झाला, हे चांगलं. पण बाकी काय झालं ते बघा. भाकरी आपण करतो, थापतो, भाजतो, टाकतो. "बनवणे" हे हिंदीच्या वळणावर गेलं. तुटण्याचं "आव्हानात्मक कार्य" झालं. आजी गेली. विरीच्या जागी पुढे "पिठाची गुणवत्ता कमी होते" आलं, आणि गुणवत्ता म्हणजे नेमकं काय कमी होतं हे कळायचा रस्ताच बंद झाला. ताईंचं "केलं, गेलं" असं बोलतं वळण काही वाक्यांत "केले, गेले" असं पुस्तकी झालं, काहींत तसंच राहिलं. पहिल्या पायरीतलं काम मात्र होतं तिथेच: भाकरी पाण्यानं का सांधते हे अजूनही कळत नव्हतं.

म्हणून आम्ही एआयला तीनच गोष्टी विचारतो. हे शब्द जसेच्या तसे वापरलेत तरी चालतील.

पहिली: "खालचा परिच्छेद वाच. काहीही दुरुस्त करू नकोस. हा परिच्छेद कोणती एक गोष्ट सांगतो ते एका वाक्यात लिही. त्या गोष्टीला धरून नसलेल्या वाक्यांचे क्रमांक दे." आलेलं वाक्य पहिल्या पायरीत जपून ठेवलेल्या वाक्याशेजारी ठेवा. जुळलं नाही तर यंत्र चुकतंय किंवा आपला परिच्छेद, आणि बहुतेक वेळा तो परिच्छेदच असतो. ताईंना उत्तर आलं की हा परिच्छेद "महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीतलं भाकरीचं महत्त्व" सांगतो. यंत्रानं पहिलं आणि शेवटचं वाक्य धरलं होतं. घाईत वाचणारा माणूसही तेच धरतो. त्या दिवशी (१) आणि (८) ताईंनी स्वतःच काढली.

दुसरी: "ज्यानं कधी भाकरी केली नाही असा वाचक समजून वाच. त्याला कुठे प्रश्न पडेल? फक्त प्रश्न लिही, उत्तरं नकोत." इथे खरी कमाई झाली. प्रश्न आले: ग्लुटेन नसला तर का तुटते? गरम पाण्यानं काय होतं? विरी म्हणजे काय? तिन्ही प्रश्न रास्त. ताईंना उत्तरं माहीत होती, पण इतकी सवयीची की कागदावर यायची राहून गेली होती. जाणकार माणसाच्या परिच्छेदात हमखास हीच जागा रिकामी असते.

तिसरी, गरज असेल तरच: "वाक्य ३ आणि ४ यांच्यामध्ये कोणती पायरी गाळली गेली आहे?" दोन वाक्यं नेमून दिली की उत्तरही नेमकं येतं.

"कसा वाटला?" असं विचारू नका. स्तुती येते. "कडक टीका कर" म्हटलं तर नसलेले दोषही सापडतात. म्हणून एक पडताळणी करून ठेवा. चांगल्या जमलेल्या परिच्छेदात मुद्दाम एक भलतं वाक्य पेरा आणि पहिला प्रश्न विचारा. यंत्रानं ते बरोबर पकडलं तर त्याच्या क्रमांकांवर थोडा विश्वास ठेवता येतो. मग तोच परिच्छेद, ते वाक्य काढून, पुन्हा द्या. तरीही दोन-तीन क्रमांक आलेच, तर विचारलं म्हणून काहीतरी देण्याची सवय किती आहे हेही कळतं. महत्त्वाच्या मजकुराला नव्या चॅटमध्ये दुसऱ्यांदा विचारा; दोन्ही वेळा आलेली सूचना आधी बघा.

बोलीत लिहीत असाल तर सुरुवातीलाच सांगा: "विरी, उकड, परात, काठवट हे शब्द माझे आहेत, बदलू नकोस." वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी लिहिणाऱ्यांनी तर हे विसरूच नये, कारण यंत्राचा ओढा सगळं एकसारखं पुस्तकी करण्याकडे असतो. यंत्रानं स्वतःहून घातलेली सनावळ, आकडे, नावं पडताळल्याशिवाय घेऊ नका. आणि दुसऱ्याचा अप्रकाशित मजकूर किंवा कुणाचे खाजगी तपशील असलेला कागद अशा साधनांत टाकू नका.

पायरी ७ : फोनला वाचायला लावा, डोळे मिटून ऐका

माझी सगळ्यात आवडती पायरी. बऱ्याच फोनमध्ये मजकूर मराठीत वाचून दाखवायची सोय असते. आपण स्वतः वाचतो तेव्हा आवाजानं वाक्य सावरून घेतो: जोर देतो, थांबतो, लंगडं वाक्यही चालवून नेतो. फोनचा आवाज असं काही करत नाही. लांबलचक वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट झालेली लगेच कानावर येते. "च्या"च्या पाठीवर "च्या" ऐकू येतो. जिथे तुमचं लक्ष उडालं तिथे पेन्सिलनं खूण करा. कारण शोधत बसू नका, ते नंतर. फोन काही उच्चार चुकवतो, ते सोडून द्या.

पायरी ८ : सूचनांची वही

एका पानावर तीन रकाने: सूचना काय होती, घेतली की नाकारली, का. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही. "बरं वाटलं" हे कारण चालत नाही. पहिल्या पायरीतल्या कामाला मदत झाली की अडथळा, तेवढंच लिहायचं. दहा परिच्छेद झाले की आपलं वळण दिसायला लागतं. ताईंच्या वहीत सात वेळा एकच नोंद होती: पहिलं वाक्य फार रुंद. आता त्या पहिलं वाक्य लिहून झालं की ते झाकून दुसऱ्यापासून वाचून बघतात. यंत्राला विचारावं लागत नाही.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांना हे मी आग्रहानं सांगते. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि तिथे हातात फक्त पेन असतं. त्यांनी उत्तर आधी घड्याळ लावून हातानं लिहावं, मग टाइप करून सहाव्या पायरीतला पहिला प्रश्न विचारावा. टाइप करताना सुधारणा करायची नाही. वही मात्र त्यांनी सगळ्यात नेटानं ठेवावी.

शेवटी माणूस

ताईंचा परिच्छेद चौथ्या खेपेला असा झाला:

"ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, कारण ज्वारीच्या पिठात गव्हासारखा ग्लुटेन नसतो, कणीक जशी ताणली जाते, तसं हे पीठ ताणलं जात नाही. पिठाला एकत्र धरायचं काम दुसऱ्या कशानं तरी करावं लागतं. ते काम उकळतं पाणी करतं. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि गोळा बांधला जातो. पीठ ताजं असेल तर कोमट पाण्यातही भागतं. पण फार दिवस डब्यात राहिलेल्या पिठाची विरी, म्हणजे मूळचा चिकटपणा, गेलेली असते. माझी आजी अशा पिठाची आधी उकड काढायची, परातीत तळहातानं रगडून रगडून मळायची आणि मगच थापायला घ्यायची."

आजी राहिली, पण आता ती कामाला लागली आहे. चुलीची चव गेली. त्यावर ताईंनी वेगळा परिच्छेद लिहायला घेतलाय.

अजून एक तपासणी बाकी होती. परिच्छेद दोघांना वाचायला द्यायचा, एक जाणकार, एक अजाण, आणि कागद काढून घेऊन म्हणायचं, "काय वाचलंस ते सांग." ताईंनी तो वर्गातल्या अभियांत्रिकीच्या मुलाला दिला, ज्यानं कधी परातीला हात लावलेला नाही. तो म्हणाला, "म्हणजे पीठ जुनं असेल तर पाणी उकळतं हवं, नाहीतर भाकरी धरणार नाही." बरोबर. मग वर्गातल्याच एका आजींनी वाचला. त्यांनी मान हलवली, थोडं थांबल्या आणि विचारलं, "उकड काढल्यावर लगेच हात घालायचा का गं? भाजेल की. झाकून ठेवायचं ना जरा." ताईंनी पेन काढलं आणि "उकड काढायची"च्या पुढे लिहिलं: "ताटली झाकून ठेवायची, हाताला सोसेल इतकी निवली की".